भैयासाहेबांचं दिग्दर्शन

"बाई, ताट जरा वर धरा. नारळ दिसला पाहिजे फोटोत."

मी ताट वर धरलं.

ताटात शाल होती, नारळ होता, आणि पितळेचा एक नटराज होता. उत्कृष्ट दिग्दर्शनाचा. नाटक मी बसवलेलं. सत्कार भैयासाहेबांचा. ताट धरायला मी.

फोटोवाला पुन्हा म्हणाला, "बाई, बाजूला सरका ना. मधात येऊन राहिल्या तुम्ही."

मी सरकले. हात तेवढे तिथंच ठेवले, ताट धरून. तो फोटो पुढं कित्येक वर्षं सौंसरला भैयासाहेबांच्या बैठकीत टांगलेला होता. त्यात भैयासाहेब आहेत, शाल पांघरवणारे पाहुणे आहेत, आणि काठावरून आत आलेले दोन हात आहेत. हिरव्या बांगड्या घातलेले. ते माझे.

आणि मी हसत होते. तोंड फोटोत नाही म्हणून पुरावा नाही, पण मला माहीत आहे ना. सगळे दात काढून हसत होते. माझी नात विचारते, "आजी, तू काहून हसून राहिली होती पण?" काय सांगू पोरीला? तुझी आजी बावळट होती, बाई. साधी नाही, शिकलेली बावळट. शिकलेल्या बावळटाला आपला बावळटपणा दिसत नाही. त्याला तो नम्रपणा वाटतो.

आता सांगते तो नम्रपणा कुठून आला.

आम्ही म्हाली. न्हाव्याला आमच्याकडं म्हाली म्हणतात. माझे बाबा सौंसरच्या बाजारात लिंबाखाली पेटी मांडून बसत. गावात नाटक असलं की नटांच्या तोंडाला रंग लावायलाही त्यांनाच बोलावत. दुसऱ्याच्या तोंडाला हात लावायचं काम, मग म्हाल्याचंच. सफेदा, काजळ, डिंकानं चिकटवायच्या मिश्या, सारं एका पत्र्याच्या डब्यात. लिंबाखाली मी बाबांच्या शेजारी, गिऱ्हाईकाच्या मागं उभी राहून वाटी-वस्तरा द्यायची. समोर काय दिसायचं? माना. खांदे. चिडलेल्या माणसाची मान कशी ताठते, घरून भांडून आलेल्याचे खांदे कसे पडतात, हे मी सात-आठ वर्षांची असताना ओळखत होते. तोंड सजवता येतं. मानेचं काही करता येत नाही. दिग्दर्शनाची माझी शाळा ती. दुसरी कोणती नाही.

पुढं मॅट्रिक झाले, ट्रेनिंग केलं, मराठी शाळेत मास्तरीण लागले. वाचन खणखणीत. म्हणून गावातल्या नाटक मंडळानं मला प्रॉम्प्टर केलं. विंगेत वही घेऊन उभं राहायचं आणि नट वाक्य विसरला की हळूच पुरवायचं. रंगीत टीव्ही नुकता आला होता तेव्हा. पूर्ण सौंसरात दोन घरी होता. त्यातलं एक घर भैयासाहेबांचं.

भैयासाहेब म्हणजे संत्र्याचे व्यापारी. मंडळाचे अध्यक्ष. आणि मंडळाच्या प्रत्येक नाटकाचे दिग्दर्शक. का? तर तालीम त्यांच्या वखारीत व्हायची म्हणून. जागा ज्याची, दिग्दर्शनाला नाव त्याचं. असा रिवाजच होता. त्यांच्या वडिलांच्या वेळी वडिलांचं नाव असायचं. म्हातारे तर म्हणे तालमीला यायचेही नाहीत. भैयासाहेब यायचे, एवढी सुधारणा.

येऊन आरामखुर्चीत बसायचे. वखारीत सडलेल्या संत्र्याचा वास, गोड आणि आंबूस, डोक्यात बसणारा. त्या वासात ते पान लावत आणि पिंक पेट्यांच्या गवतात टाकत. नटानं विचारलं, "भैयासाहेब, हे बोलून मी कुठं जाऊ?" तर म्हणत, "अरे जा ना कुठंही. फीलिंग आन फक्त."

मग नट माझ्याकडं बघे.

पहिल्यांदा मी घाबरत सांगितलं. "खिडकीपाशी जा. पण खिडकीतून बाहेर नको बघू. चौकटीला हात लाव." त्यानं तसं केलं आणि वखारीतले सगळे हातातलं सोडून त्याच्याकडं बघायला लागले. मला अजून आठवतं ते बघणं. तेव्हापासून मी वहीच्या डाव्या पानावर संवाद लिहायची आणि उजव्या पानावर लाल शाईनं हालचाली. कोण कुठून येतो, कोण कोणाकडं बघत नाही, दिवा कधी विझतो. सगळं नाटक उजव्या पानावर. आणि सांगताना काय म्हणायची मी? "भैयासाहेबांना असं वाटते की तू इथं थोडा थांबावं."

भैयासाहेबांना काही वाटत नव्हतं. ते सुपारी कातरत बसलेले असत.

बोर्डही मीच रंगवायची. अक्षर चांगलं ना माझं. दिग्दर्शन, भैयासाहेब. लाल रंगात, खाली जाड रेघ ओढून. रेघ ओढायला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. शहाणीनं आपल्या मनानं ओढली.

त्या वर्षी पांढुर्ण्याला स्पर्धा होती. नाटकात एक विधवा आई असते, मुलं घर वाटून घेतात आणि तिची सही मागतात. सहीच्या वेळी मी आईला प्रेक्षकांकडं पाठ करून बसवलं. आईचं काम करणारी विमल नर्स होती, फार रुसली. "एवढं रडायचं शिकली मी, आता पाठीनं रडू का?" मी म्हटलं, पाठीनंच रड. तिनं रडून दाखवलं.

प्रयोग झाल्यावर परीक्षक दिग्दर्शकाला स्टेजवर बोलावून प्रश्न विचारत. नागपूरच्या परीक्षकांनी विचारलं, "आईला पाठमोरं का बसवलं?"

भैयासाहेबांनी विंगेकडं पाहिलं. वाक्य विसरलेला नट जसा पाहतो, अगदी तसं. आणि माझी जीभ! सवयीची गुलाम. मी विंगेतून हळूच पुरवलं, "मुलं तिचं तोंड पाहत नाहीत. मग लोकांना तरी का दाखवायचं?"

भैयासाहेबांनी ते मोठ्यानं म्हटलं. हात हलवून, डोळे मिटून. परीक्षक म्हणाले, "वा!" टाळ्या पडल्या. माझ्या बापाच्या लिंबाखालून उचललेली गोष्ट त्या माणसाच्या पानानं रंगलेल्या तोंडातून बाहेर पडली आणि मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटते आज. तेव्हा आनंद झाला. मला वाटलं, बघा, माझं वाक्य बरोबर वेळेवर गेलं.

त्याच दिग्दर्शनाचा तो नटराज. त्याचंच ते ताट.

दुसऱ्या वर्षी नवीन नाटक बसवायला घेतलं. या वेळी एका सुनेची गोष्ट होती. शेवटी ती घर सोडते. मी जीव ओतला त्यात. शाळा सुटली की वखारीत. घरी नवरा म्हणे, तू मास्तरीण आहे की संत्र्याची पेटी? आणि या वेळी मनात एक किडा शिरला होता. नाव पाहिजे. पूर्ण नाही, अर्धं चालेल. मुख्य नको, सह लिहा. किती स्वस्तात विकायला निघाली होती बघा स्वतःला.

स्पर्धेचा अर्ज भरायच्या दिवशी मी भैयासाहेबांना म्हटलं, "यंदा सहदिग्दर्शक म्हणून माझं नाव टाकलं तर?"

ते आधी समजलेच नाहीत. मग हसले. "नावाचं काय करता बाई? तुमचं नाव शाळेच्या हजेरीत आहे ना." वखारीतले चार-पाच नट बसले होते, त्यांच्याकडं वळून म्हणाले, "पांढुर्ण्यात कळलं का म्हाल्याची पोरगी दिग्दर्शन करते, तर काय म्हणतील? सौंसरवाले आता वस्तऱ्यानं नाटक करून राहिले काय!"

सगळे हसले. विमल हसली. ज्यांना मी उभं राहायला, बसायला, श्वास घ्यायला शिकवलं ते हसले.

आणि ऐका. मीही हसले.

हे मी कोणाला सांगत नाही. त्यांनी हसावं, त्यांचा धंदाच तो. मी कशाला हसले? त्या हसण्याचा आवाज मला अजून कधी कधी ऐकू येतो आणि इतकी वर्षं मागं जाऊन त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

बोर्ड त्या वर्षीही मीच रंगवला. रेघ नाही ओढली. हा माझा विद्रोह!

स्पर्धेच्या दिवशी संत्र्याच्या ट्रकमध्ये सेट टाकून आम्ही पांढुर्ण्याला गेलो. प्रयोग दुपारचा. शाळेच्या एका वर्गात बाबा रंग लावायला बसले होते. विमलचं अर्धं तोंड झालं होतं. डावी बाजू सून, उजवी बाजू अजून विमल. तेवढ्यात भैयासाहेब आले. पांढुर्णा त्यांची सासुरवाडी, आणि परीक्षक, गेल्या वर्षीचेच, दोन्ही वर्षी उतरले होते त्यांच्या साळ्याकडं. आता कळलं ना ते वा कुठून आलं होतं? माझ्या वाक्याला मिळालं असं मी समजत होते. असेल थोडंफार. थोडंफार जेवणाला मिळालं असेल.

भैयासाहेब दारातूनच म्हणाले, "गणपत, चाल. साहेब बसनं थकून आले. दाढी करून दे अन् पाय दाबून दे जरासे."

माझे बाबा पासष्टचे. भैयासाहेब चाळिशीचे. गणपत.

बाबा म्हणाले, "मालक, रंग लावून राहिलो."

"रंग काय पळून राहिला? तुही पोरगी आहे ना. ते लावीन."

बाबांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. बोटं फडक्याला पुसली, पेटी उचलली आणि गेले. विमलचं उरलेलं अर्धं तोंड मी रंगवलं. ती म्हणाली, "बाई, तुमचं लक्ष नाही. भुवई वाकडी जाईन." तिला भुवईची काळजी.

तासाभरानं बाबा परत आले. हाताला तेल होतं. सुगंधी, चमेलीचं की कशाचं. मी तांब्या पुढं केला, म्हटलं, "बाबा, हात धुवा."

"राहू दे पोरी," ते म्हणाले, "चांगल्यातलं तेल आहे."

आणि ते उरलेलं तेल, दुसऱ्या माणसाच्या तळपायाला चोळून उरलेलं, त्यांनी आपल्या कोपरांना लावलं. नीट. वाया जाऊ नये म्हणून. आधी उजव्या, मग डाव्या.

मला किळस आली. खरंच आली. वर्गाच्या मागं जाऊन मी तांब्यातलं पाणी ओतून दिलं. कोणाची किळस आली होती? भैयासाहेबांची, हो. त्या पाय पसरून पडलेल्या परीक्षकाची, हो. पण सगळ्यात आधी बाबांची आली. माझ्या बापाची. आणि मग लक्षात आलं की मी गेल्या वर्षी काय केलं होतं ते. त्यांनी तेल लावलं, मी ताट धरलं. ते निदान हसत तरी नव्हते.

नाटक चांगलं झालं. फार चांगलं. मी वही धरून विंगेत उभी होते, पण एकालाही वाक्य पुरवावं लागलं नाही. शेवटी सून निघते, उंबरठ्यापर्यंत जाते, थांबते, चार पावलं परत येते आणि मग जाते. पडदा पडला तरी कोणी उठलं नाही.

परीक्षक स्टेजवर आले. गुळगुळीत दाढी. चालताना हलके, पाय छान मोकळे झालेले. त्यांनी विचारलं, "ती चार पावलं परत का येते? फार विलक्षण वाटलं मला ते."

भैयासाहेबांनी विंगेकडं पाहिलं.

मी वही मिटली.

त्यांनी भुवया उंचावल्या. मी त्यांच्याकडं बघत राहिले. पहिल्यांदा त्यांचं तोंड मला नीट दिसलं. रिकामं होतं. खाली ठेवलेल्या भांड्यासारखं. एरवी त्यात मी भरत होते, म्हणून भरलेलं वाटायचं.

"ते काय आहे साहेब," ते म्हणाले, "स्टेज लहान पडलं."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. परीक्षकांना वाटलं गंमत केली. म्हणाले, "नाही, खरंच सांगा. त्यामागचा विचार?"

"विचार... कलाकार थकते ना शेवटी शेवटी." मग विंगेकडं वळून ओरडले, "बाई! वही आना ते!"

मी बाहेर आले. उजेडात. समोर पाचशे माणसं बसली होती आणि माझ्या पायात चप्पल नव्हती, ती वर्गात राहिली होती. भैयासाहेबांनी वहीसाठी हात पुढं केला. मी वही पाठीमागं धरली.

"वही माझी आहे," मी म्हटलं. "नाटक मी बसवलं. हे दोन्ही वर्षी नुसते खुर्चीत होते."

 मग भैयासाहेब हसले, वखारीतल्यासारखंच. "साहेब, ही आमच्या गणपतची पोरगी. आता पाय दाबून गेला ना तो. डोक्यावर परिणाम झालेला दिसते."

परीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. गेल्या वर्षीचं ते "पाठमोरं" त्यांना आठवलं असावं, कारण त्यांची मान ताठली. माना मला कळतात. त्यांना कळलं होतं. पूर्ण कळलं होतं. आणि ते म्हणाले, "अर्जावर तुमचं नाव नाही. नियमाप्रमाणे उत्तर दिग्दर्शकानंच द्यायचं असतं."

"मग तुम्हाला उत्तर मिळणार नाही," मी म्हटलं आणि उतरून गेले.

आता नात म्हणेल, वा आजी! वा वगैरे काही नाही झालं. आमच्या नाटकाला बक्षीस मिळालं नाही. ट्रकमध्ये परत येताना सगळे माझ्याकडं पाठ करून बसले. विमल फक्त एवढं म्हणाली, "तुमच्या नावापायी आमचं बक्षीस गेलं, बाई." ते खरंच होतं. भैयासाहेबांच्या ओळखीतल्यांनी लिंबाखाली दाढी करणं बंद केलं. बाबा दोन वर्षं माझ्याशी नीट बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "तुले काय झालं होतं? पायच तर दाबले होते." मी बापाला काय समजावणार? ज्याला आपल्या हाताला लागलेल्या तेलाची घाण येत नाही, त्याला ती दुसऱ्याच्या सांगण्यानं कशी येईल? ते तसेच गेले. माझं ऐकून बदलले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, असं काही लिहून मी खोटं बोलणार नाही.

तीन महिन्यांत शाळेत बदलीचा कागद आला, आमचा मुलूख मध्य प्रदेशात म्हणून हिंदीतला. स्थानांतरण. लोधीखेड्याच्या पुढं, बस सोडून दीड कोस पायी. एक खोली, गळकं छप्पर. भैयासाहेबांनी केलं की आपोआप झालं, मी शोधलं नाही. शोधायची गरज नव्हती.

तिथं कापूस वेचायला जाणाऱ्या बाया होत्या. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसत. त्यांना घेऊन मी नाटक बसवलं. अक्षर एकीलाही येत नव्हतं, तरी पूर्ण नाटक पाठ. एकीनं मला विचारलं, "बाई, थे सून चार पावलं वापस काहून येते?" तेच नाटक होतं, तोच प्रश्न. मी तिला सांगितलं. चप्पल घ्यायला येते, बाई, स्टेजवर दिसत नाही एवढंच. घर सोडायचं आहे, लांब चालायचं आहे, मग अनवाणी कशाला जाईल? ती म्हणाली, "हव ना. बरोबर आहे." परीक्षकांना जे सांगितलं नाही ते मी तिला दिलं. मला पश्चात्ताप नाही.

गावच्या पटेलांनी मंडप द्यायचं कबूल केलं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्यांचा माणूस आला. म्हणाला, "बोर्डावर दिग्दर्शनाले पटेलसाहेबांचं नाव टाका जी. मंडप त्यायचा आहे."

खरं सांगते, जुनी बावळट एकदम जागी झाली. म्हणाली, टाक की, काय बिघडते, बाया एवढ्या दिवसांपासून मेहनत करून राहिल्या, मंडप गेला तर? नम्र हो. मी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग त्या माणसाला म्हटलं, "मंडप घेऊन जा."

"अन् नाटक?"

"उन्हात होईन."

त्यांनी खरंच मंडपाच्या बल्ल्या उपटून नेल्या. बाया चिडल्या, माझ्यावर. एक म्हणाली, बाईले नावाची फारच हाव आहे. मी म्हटलं, आहे. आणि बोर्ड रंगवायला घेतला. दिग्दर्शनापुढं माझं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. त्याखाली प्रत्येकीचं. ज्या बायांना आपलं नाव कसं दिसतं तेही माहीत नव्हतं, त्यांना त्या बोर्डासमोर उभं करून एकेकीला बोट ठेवून दाखवलं. जिनं हाव म्हटलं होतं ती सगळ्यात जास्त वेळ उभी होती.

नाटक उन्हात झालं. लोक डोक्यावर पदर, टॉवेल घेऊन बसले. काही उठून गेले. रंग घामानं ओघळला. फार सुंदर वगैरे काही झालं नाही.

त्यानंतर मी पुष्कळ नाटकं बसवली. शाळेत, ओट्यावर, झाडाखाली. जागेवाले आले, मंडपवाले आले, माइकवाले आले, नंतर नंतर निवडून आलेलेही आले. सगळ्यांना एकच पाहिजे होतं. कोणी गोड बोलून मागितलं, कोणी बदलीची धमकी देऊन. एकानं तर मला ताई म्हणून मागितलं. मी कोणालाही दिलं नाही. किती प्रयोग त्यापायी झालेच नाहीत, तेही मला माहीत आहे. नाही झाले तर नाही झाले.

आता गुडघे गेले. डोळ्यांत ऑपरेशनचे थेंब टाकावे लागतात. शेजारची पोरं गणपतीच्या नाटकासाठी येतात आणि म्हणतात, आजी, तुम्ही फक्त सांगा, आम्ही करून घेतो, बोर्डावर काय, कोणाचंही टाकू. मी त्यांना चहा पाजते. मग सांगते, आधी बोर्ड आणा. माझ्यासमोर नाव लिहा. ते वाळू द्या. तोवर माझ्या तोंडातून एक हालचाल निघणार नाही.